देव कोणता, हे सगळ्यात शेवटी विचारा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या एका मैत्रिणीने फोटो टाकला. पूजेचं ताट, झेंडूची फुलं, लाह्या-बत्तासे, हळदीकुंकू आणि मधोमध एक काळपट चांदीचं नाणं. नाण्यावर खुर्चीत बसलेली एक बाई. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात फांदी. कडेने कसलीतरी अक्षरं. खाली मैत्रिणीचा मेसेज, ‘आजी म्हणते ही लक्ष्मी आहे. पण मग ही इंग्लिश अक्षरं कशी? ओळखा पाहू!’

पुढच्या दहा मिनिटांत ग्रुप नुसता पेटला. एकाने ठामपणे सांगितलं, ईस्ट इंडिया कंपनी. दुसरीने सांगितलं, मदर मेरी. तिसरा म्हणाला, ‘हातात कमळ आहे, लक्ष्मीच आहे, उगाच शंका काढू नका.’ चौथ्याने एक रील टाकलं, त्यात एक माणूस ओरडून सांगत होता की अशा जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात. मग सगळी चर्चा ‘किती येतील’ आणि ‘पार्टी कधी’ यावर गेली.

गंमत बघा. नाण्याचं वजन किती, हे कोणीच विचारलं नाही. ते घरात कुठून आलं, हेही नाही. सगळ्यांचे प्रश्न दोनच, देव कोणता आणि भाव काय. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन्ही प्रश्न रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहायला हवेत. आपण ते पहिले विचारतो, म्हणून फसतो. आणि आपण नुसते फसत नाही, हातात आलेला इतिहासही घालवून बसतो.

अक्षरं वाचली, आणि रोम निघालं

सुट्टीत मी तिच्या घरी गेले. आम्ही दोघींनी खिडकीजवळ बसून, मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरका पाडून नाणं बघितलं. ही पहिली युक्ती. प्रकाश वरून पाडला की सगळं सपाट दिसतं, बाजूने पाडला की झिजलेली अक्षरंही वर येतात.

मागच्या बाजूला, म्हणजे खरं तर पुढच्या बाजूला, एका पुरुषाचा चेहरा होता. उजवीकडे बघणारा, डोक्याभोवती पानांची माळ. कडेने अक्षरं रोमन लिपीतली, पण भाषा लॅटिन. शब्द तोडलेले नाहीत, उलट संक्षेप केलेले. आपण पाटीवर ‘ग. रा. पाटील’ लिहितो ना, तसंच. आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला, त्यामुळे ‘ऑगस्टस’ पटकन वाचताच येत नाही. एक एक अक्षर कागदावर उतरवत गेलो तेव्हा पुढच्या बाजूचा मजकूर जुळला. ‘टायबेरियस सीझर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र’. दुसऱ्या बाजूला, बाईच्या दोन्ही अंगांना, ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित.

टायबेरियस हा रोमचा दुसरा सम्राट. इ. स. १४ ते ३७ ही त्याची राजवट. या प्रकारच्या नाण्याला ‘डिनेरियस’ म्हणतात, रोमचं रोजच्या वापरातलं चांदीचं नाणं. हा सगळा शोध आम्हाला फोनवरच्या इमेज सर्चने लागला नाही. त्याने आम्हाला सरळ विकणाऱ्यांच्या दुकानात नेऊन सोडलं होतं. अक्षरं वाचल्यावर मात्र अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओसीआरई’ या रोमन नाण्यांच्या मोफत ऑनलाइन यादीत पाच मिनिटांत जोडीदार सापडला.

आता ती बाई कोण? तिचं नाव नाण्यावर नाही. शांतीची देवी पॅक्स असावी, आणि तिच्या रूपात टायबेरियसची आई लिव्हिया दाखवली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे लक्षात घ्या, पुढच्या बाजूला ‘मी देव झालेल्या बापाचा मुलगा’ (बाप तोही दत्तक घेणारा), मागच्या बाजूला ‘मी मुख्य पुरोहित’, आणि सोबतीला देवीच्या रूपातली आई. हे देवभक्तीचं नाणं नाही. हे खिशाखिशात पोचणारं सरकारी होर्डिंग आहे. नाण्यावर देव का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा देवळात सापडत नाही, दरबारात सापडतं.

याच नाण्याला जगभर ‘ट्रिब्यूट पेनी’ असं टोपणनाव आहे. बायबलच्या नव्या करारात एक प्रसंग आहे. रोमन सम्राटाला कर द्यावा का, असा पेच टाकून काही जण येशूला अडकवू बघतात. तो एक नाणं मागवतो आणि त्यावर चित्र नि नाव कोणाचं आहे, असं त्यांनाच विचारतो. ते नाणं बहुधा हेच, अशी जुनी समजूत आहे. मला तर तो प्रश्न म्हणजे नाणी ओळखण्याचा पहिला धडा वाटतो. पण या समजुतीमुळे झालंय असं की या नाण्याला संग्राहकांकडून भरपूर मागणी असते. आणि जिथे मागणी, तिथे नकला.

ठोकलेलं की ओतलेलं?

तेव्हा आम्ही नाणं घेऊन गल्लीतल्या सराफाकडे गेलो. विकायला नाही, वजन करायला. घरचा किचनमधला काटा पूर्ण ग्रॅममध्येच बोलतो, त्याचा उपयोग नाही. टायबेरियसचा डिनेरियस साधारण साडेतीन ते पावणेचार ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. अंदाज हवा असेल तर खिशातला रुपया काढा. २०११ पासून आलेलं, ₹ चिन्हाचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन नाण्याचं वजन तळहातावर कसं लागायचं, ते तुम्हाला आत्ता, या क्षणी कळू शकतं. फक्त तो डिनेरियस रुपयापेक्षा आकाराने लहान आणि जाड असायचा.

आमचं नाणं भरलं पावणेतीन ग्रॅम.

तिथेच मन खट्टू झालं. तरी आम्ही आमच्या एका प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी देवीकडे बघितलंही नाही. नाणं उभं धरून त्याची कड बघितली आणि भिंग लावून अक्षरांच्या मधली जागा बघितली. कडेवर सगळीकडून फिरलेली एक बारीक रेघ होती. साच्यातून काढलेल्या गणपतीच्या मूर्तीला बाजूने जशी जोडाची रेघ असते, अगदी तशी. आणि अक्षरांच्या मध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे.

रोमन नाणी साच्यात ओतत नसत, ठोकत असत. चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून हातोडा. त्यामुळे खऱ्या नाण्याची अक्षरं कोरीव असतात, चित्र बऱ्याचदा एका बाजूला सरकलेलं असतं, कडेला धातू फाटून चिरा पडलेल्या असतात. ओतलेल्या नाण्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि सगळं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसतं. हे शंभर टक्के नियम नाहीत. रोमच्या काळातही आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी लबाडी चालायची, आणि आपल्याकडे त्याच जुन्या काळात रोमन नाण्यांच्या देशी नकलाही झाल्या. पण वजन, कड आणि पृष्ठभाग, या तीन गोष्टी एका सुरात ‘नाही’ म्हणाल्या की विषय संपतो. आमचं नाणं ओतीव होतं, अलीकडच्या काळातली प्रत. मैत्रिणीचे आजोबा गोदीत कामाला होते, तिथूनच कुठून तरी आलं असणार.

आजीला कसं सांगायचं याचं आम्हाला टेन्शन. पण त्या शांतपणे म्हणाल्या, ‘अगं, खोटं तर खोटं. माझ्या सासूबाई गेल्यापासून मी पुजते आहे त्याला. मी काय त्या रोमच्या राजाची पूजा करत होते का?’

मुद्दा संपला. आणि खरं तर इथूनच सुरू झाला.

खरं असतं, तर?

कारण ‘डोंबिवलीत कुठलं रोमन नाणं’ असं म्हणून हसण्यासारखी ही गोष्ट नाहीच. आपण ज्या पट्ट्यात राहतो, तिथे रोमची चांदी येणं अशक्य तर नाहीच, अपेक्षित आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या माणसाने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात सोपाऱ्याचं नाव आहे, आणि त्याच्या पाठोपाठ ‘कल्लिएना’चं. म्हणजे आपलं कल्याण. तिथे काय लिहिलंय ठाऊक आहे? की आधीच्या सरगानेस राजाच्या काळात हे नीट चालणारं बंदर होतं, पण पुढे सत्ता बदलल्यावर व्यापाराची कोंडी झाली, आणि चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुकच्छला, आजच्या भरूचला, नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याण बंदर अडकलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणला ‘गाडी पुढे जाणार नाही’ अशी घोषणा व्हायची, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच पुस्तकात आहे की भरुकच्छला रोमची सोन्याचांदीची नाणी आणली तर स्थानिक नाण्यांच्या बदल्यात फायदा होतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणचे दाते आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाचा खर्च देणारे ‘यवन’ आहेत. आणि कल्याणहून घाटावर जाणारा रस्ता कोणता? नाणेघाट. पावसाळ्यात आपण मुरबाडमार्गे ट्रेकला जातो, धबधब्यापुढे रील काढतो, वरच्या लेण्यात डोकावतो नि परत येतो. त्या लेण्यातल्या नागणिकेच्या शिलालेखात यज्ञांमध्ये दिलेल्या गाईंचे, हत्तींचे आणि हजारो कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. तो तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीसाठी होता, असं पूर्वापार सांगतात.

मग महाराष्ट्रात रोमन चांदी ढिगाने का सापडत नाही? दक्षिणेत सापडते. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ले इथे एकाच ठेव्यात दीड हजाराहून जास्त डिनेरियस निघाले. भारतात सापडणाऱ्या डिनेरियसमध्ये दोनच प्रकार सर्वांत जास्त. एक आमचा टायबेरियसचा, दुसरा ऑगस्टसचा. त्या दुसऱ्यावर ऑगस्टसचे दोन दत्तक नातू गायस आणि ल्युशियस उभे असतात, ढाली-भाले घेऊन, आणि त्यांच्या डोक्यांच्या मध्ये एक पळी नि एक आकड्याची काठी. पळी बघून कोणालाही आपलं पळी-पंचपात्र आठवेल, आणि कामही तसंच होतं, धार्मिक विधीत वापरायची. काठी शकुन बघणाऱ्या पुरोहिताची. ही दोन मुलं पुरोहितपदावर आहेत आणि उद्याचे वारस आहेत, हे सांगायला ती चिन्हं घातली. ल्युशियस इ. स. २ मध्ये गेला, गायस इ. स. ४ मध्ये. वारस संपले, नाणं मात्र जहाजात बसून भारतात येत राहिलं.

पश्चिम भारतात ही चांदी दिसत नाही, यावर अभ्यासकांचा एक अंदाज असा आहे की इथल्या क्षत्रपांनी ती वितळवून स्वतःची नाणी पाडली. म्हणजे रोम इथून निघून गेलं नाही, ते रूप बदलून राहिलं.

चेहऱ्यावर डोंगर

ते रूप कसं होतं, हे बघायचं असेल तर नाशिककडे चला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. थोडीथोडकी नाही, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. पुढे त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण नि वज्र, आणि ब्राह्मी नि खरोष्ठी अशा दोन लिप्यांत नाव. एका बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर तीन लिप्या!

पण खरी कथा पुढे आहे. यातली जवळपास दोन तृतीयांश नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकली. नहपानाला हरवल्यावर त्याने चांदी वितळवत बसायचा खटाटोप केला नाही. त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोलांचं ‘उज्जैन चिन्ह’. काही नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपानाचं नाक अजून दिसतं.

आता तुम्हाला विचारते, तो डोंगर कोणत्या धर्माचा? काही अभ्यासक त्याला चैत्य म्हणतात आणि बौद्ध मानतात. काही म्हणतात नुसता डोंगर. आणि ज्याने तो ठोकला, त्याला त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, नाशिकच्या शिलालेखात ‘एकब्राह्मण’ म्हटलंय, आणि तो शिलालेख ज्या लेण्यात आहे ते लेणं तिने दान दिलंय बौद्ध भिक्षूंना. एकाच कुटुंबात, एकाच भिंतीवर दोन्ही. आजच्या आपल्या ग्रुपवर हे नाणं टाकलं तर पाच मिनिटांत दोन गट पडतील आणि भांडणं सुरू होतील. नाणं मात्र एवढंच सांगतं की कोण हरलं, कोण जिंकलं आणि बाजारात चांदी कोणती चालायची. त्याला आपल्या भांडणात साक्षीला उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि दुसऱ्याच्या देवाला आपलं म्हणण्याची सवयही काही नवी नाही. पुतळीमाळ सगळ्यांनी पाहिली असेल, लग्नात, नाहीतर सिरियलमध्ये. पेशवाईतल्या कागदांत ‘पुतळी’ हे एका सोन्याच्या नाण्याचं नाव आहे. ते नाणं मूळचं इटलीतल्या व्हेनिसचं, डुकाट. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या मध्ये उभा येशू. इथल्या सोनारांनी त्याच्या नकला करताना अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. आज त्याच नावाच्या माळेत लक्ष्मी असते. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. उलट हा आपल्या घरांचा मोठेपणा आहे. डोंबिवलीच्या आजींनी जे केलं, ते मराठी बायका कित्येक पिढ्या करत आल्यात.

फक्त एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. ‘आम्ही हिला लक्ष्मी मानतो’ हे वाक्य खरं आहे. ‘हे लक्ष्मीचं प्राचीन नाणं आहे’ हे वाक्य खोटं आहे. पहिल्या वाक्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला लागतो. आणि धंदा चालतो तो या दोन वाक्यांची अदलाबदल करून. राम-लक्ष्मण-सीता आणि पाठीमागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं छापलेली नाणी तुम्हीही फॉरवर्डमध्ये पाहिली असतील. कंपनीने असं चलन कधी काढलंच नव्हतं. तरी ती ‘चमत्कारी’ म्हणून विकली जातात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. या जाळ्यात फक्त भोळी माणसं सापडतात असं समजू नका. आमच्या ग्रुपमध्ये सगळे ग्रॅज्युएट होते.

‘कुठे सापडलं?’ हा सगळ्यात महाग प्रश्न

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचं टेकाड खणलं. आत स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. करंडकाच्या आत एकात एक बसवलेल्या डब्या, आणि त्यांच्या सोबत एक चांदीचं नाणं. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं, फारसं न वापरलेलं.

त्या एका इवल्याशा नाण्याने स्तूपाच्या काळाला खुंटी ठोकली. ही ठेव यज्ञ सातकर्णीच्या आधीची असू शकत नाही, हे त्याने सांगितलं. तेच नाणं कोणी गुपचूप उचलून बाजारात विकलं असतं तर? तेव्हाही ते चांदीचंच राहिलं असतं, तितक्याच वजनाचं, तितकंच सुंदर. पण ते मुकं झालं असतं.

आणि आपल्याकडे हेच होतंय, असं मला वाटतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सध्या जमीन जेवढी खणली जातेय, तेवढी पूर्वी क्वचितच कधी खणली गेली असेल. मेट्रोचे खांब, रिडेव्हलपमेंटचे टॉवर, खाडीकाठचे रस्ते. जुनं कल्याण आजच्या कल्याणच्याच पायाखाली आहे. जेसीबीच्या दाताला काय लागतं आणि मातीच्या डंपरमधून कुठल्या भरावावर जातं, ते बघायला तिथे कोण असतं? काही सापडलंच तर ते मजुराच्या खिशातून सराफाकडे आणि तिथून मुशीत. क्षत्रपांनी रोमच्या चांदीचं जे केलं, तेच आपण क्षत्रपांच्या चांदीचं करतोय.

कायदा आहे. १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारने ती ठेवून घेतली तर मोबदला मिळतो, पण तो कसा? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. म्हणजे कायद्याच्या नजरेतही ते नाणं आधी भंगार चांदी आहे, मग इतिहास. रोजंदारीवरचा माणूस यासाठी कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या का चढेल? त्याला भीती वाटते ती वस्तू जप्त होण्याची आणि वर चौकशीच्या फेऱ्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाहीत, परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही. हे योग्यच आहे. पण हे सगळं ‘करू नका’ सांगणारं आहे. ‘आणून दाखवा’ असं सांगणारं आपल्याकडे कोणी नाही.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून एक योजना आहे. शेतात, रस्त्यात काही सापडलं की लोक ते नेमलेल्या अधिकाऱ्याला दाखवतात. तो फोटो काढतो, वजन घेतो, जागा नोंदवतो, आणि खजिन्याच्या व्याख्येत न बसणारी वस्तू परत देतो. अशा दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याला एकदम तेवढं जमणार नाही, मान्य. पण ठाणे जिल्ह्यात इतकी कॉलेजं आहेत, त्यातल्या इतिहास विभागांनी महिन्यातून एक शनिवार ‘नाणं दाखवा, ओळख करून घ्या’ असा ठेवला तर? एक डिजिटल काटा, एक भिंग, एक मोबाइल आणि एक रजिस्टर. खर्च एका फेस्टच्या बॅनरपेक्षा कमी. नाणं घेऊन ठेवायचं नाही, किंमत सांगायची नाही, फक्त नोंद करायची. जमिनीत सापडलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा अर्ज लिहायला मदत करायची. आपल्यातल्या कितीतरी जणांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत. हा घ्या विषय.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. नाणं दिसलं तर घासू नका. चांदी उजळायला आपल्या घरी रांगोळी नाहीतर टूथपेस्ट बाहेर येते, तिने अक्षरं आणि त्यावरचा जुना थर दोन्ही जातात. आधी विचारा कुठून आलं, कोणी आणलं, कधी. मग दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो. मग अचूक वजन. मग अक्षरं, न वाचता जशीच्या तशी उतरवून. मग तुलना. फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्ही सीएसएमटीहून लांब नाहीत. काचेआडची खरी नाणी डोळ्याखालून गेली की नकली पटकन खटकतात. आणि एवढं सगळं झाल्यावर, देव कोणता ते खुशाल विचारा. तेव्हा मिळणारं उत्तर जास्त रंगतदार असतं.

मैत्रिणीने काय केलं ते सांगते. नाणं देवघरातच आहे, यंदाही ते ताटात असेल. फक्त ज्या डबीत ते वर्षभर राहतं, तिच्यात आता तिच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे. ‘रोमन सम्राट टायबेरियसच्या चांदीच्या नाण्याची ओतीव प्रत. वजन पावणेतीन ग्रॅम. आजोबांनी आणलेली, बहुधा गोदीतून. आजी हिची लक्ष्मी म्हणून पूजा करते.’ पुढे कधी नातवंडांपैकी कोणी डबी उघडून फोटो टाकलाच, तर त्याला ग्रुपवर विचारत बसावं लागणार नाही.